नगर ते शेंडी, धक्का न लागू देता

नगरहून भंडारदऱ्याकडे जाणारे बहुतेक लोक धरण आणि धबधबा पाहायला जातात. त्यांना सांगण्याजोगं माझ्याकडे फारसं काही नाही. सकाळच्या एस.टी.नं निघालेला माणूस दुपार कलता कलता जिथं पोचतो, तिथं पोचायला मला दोन दिवस लागले, आणि त्यातला निम्मा वेळ मी रस्त्यातले खड्डेच पाहत होतो. एकाहत्तर सालच्या पौषातली ही गोष्ट. जीपमध्ये मागं गादीवर माझे गुरुजी आडवे होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

गुरुजी मूळचे अकोले तालुक्याच्या डोंगरातले, पण त्यांची सारी नोकरी आमच्या कर्जत भागात गेली. माझे वडील मेंढरं राखत. आमच्या घरात पाटीला हात लावलेला मी पहिलाच. सातवीनंतर वडिलांनी मला मेंढरांमागं धाडायचं ठरवलं, तेव्हा गुरुजी चार मैल चालत आमच्या वाड्यावर आले आणि लोकरीच्या ढिगाशेजारी बसून संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. त्या बसण्यामुळं मी आज नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करतो.

शाळेत ते रोज प्रार्थनेनंतर आमची नखं तपासत. ओळीनं हात पुढं करायचे, ते एकेकाच्या बोटांवरून नजर फिरवत जायचे. नखात काळं दिसलं की एकच वाक्य, "जा, वाळूनं घासून ये." आमच्याकडे पाणी पिण्यापुरतं. हात धुवायला ओढ्यातली कोरडी वाळू.

निवृत्तीनंतर ते गावी गेले आणि डोळ्यांत काचबिंदू निघाला. आदल्या वर्षी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नगरला झाली होती. चांगली झाली होती. पण ते एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून घरी गेले, वाटेत डोळ्यात रक्त उतरलं, आणि तो डोळा कायमचा गेला. मला ते महिन्यानं पत्रातून कळलं. मी नगरातच होतो.

या खेपेला डावा डोळा होता, म्हणजे उरलेला एकच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डोकं हलता कामा नये. कडक काही चावायचं नाही. दहाव्या दिवशी सकाळी पट्टी सोडा, मंद उजेडात. तोवर धक्का बसला तर मी काही करू शकणार नाही." मी गुरुजींना माझ्या खोलीवर राहा म्हणालो. पण त्यांच्या पत्नीला, आमच्या माईंना, ऐकू येत नाही. गेली कित्येक वर्षं गुरुजी पाटीवर लिहितात आणि माई वाचतात. अक्षर त्यांनीच शिकवलं. गुरुजी म्हणाले, "परवा पट्टी बांधलेली असताना मी पेन्सिलीनं लिहून पाहिलं. एक ओळ दुसरीवर चढली. परिचारिका म्हणाली, अक्षर लागत नाही." मग म्हणाले, "मला घरी ने. पट्टी सुटेल तेव्हा ती समोर असू दे."

सातव्या दिवशी निघायचं ठरलं.

नगर

एका बियाण्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाला मी शिकवत असे. त्या व्यापाऱ्यानं आपली लांब पाठीची जीप आणि ड्रायव्हर भागूजी दोन्ही दिले. भागूजी राहुरीकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा.

जीप मागून डाव्या अंगाला झुकलेली होती. चाकांच्या वर लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, धनुष्यासारख्या वाकलेल्या. त्यांना गॅरेजात पाटे म्हणतात. गाडीचा सारा भार त्यांच्यावर. मी आदल्या दिवशी जीप गॅरेजात नेली आणि मेस्त्रीला म्हणालो, "पाटे थकलेत. मागं दोन्हीकडे दोन-दोन नवे वाढवा. गाडी हलायला नको."

मेस्त्री पाटे बघत म्हणाला, "साहेब, माल किती भरनार?"

"माल नाही. एक माणूस."

त्यानं भागूजीकडे पाहिलं. भागूजीनं विडी पेटवली. मी मेस्त्रीला समजावून सांगितलं की स्प्रिंग जितकी बळकट, तितकी ती कमी दबते, आणि कमी दबली म्हणजे गाडी कमी हलते. मी हे प्रयोगशाळेत ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात बोललो असणार. मेस्त्री म्हणाला, "बरं. तुमी शिकलेले." चार तास मी उन्हात उभा राहिलो आणि चारही पाटे बसवून घेतले. जीप दोन बोटं उंच झाली, झुकायची थांबली. मला फार समाधान वाटलं.

सकाळी गुरुजींना गादीवर निजवलं. इंजिनाची धग आणि पुढून येणारी धूळ लागू नये म्हणून डोकं मागच्या दाराकडे केलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या छोट्या पिशव्या लावल्या. मी त्यांच्या उशाशी बसलो.

राहुरीच्या अलीकडे

पौषात या भागातून जाणाऱ्यानं सकाळी जावं. ज्वारीच्या कणसांत दाणा भरलेला असतो, शेतांतून गोवऱ्यांच्या धुराच्या रेघा उठलेल्या असतात. एका शेताकडेला भागूजीनं पाणी घालायला जीप थांबवली. आगटीभोवती बसलेल्या शेतकऱ्यानं न विचारताच गरम हुरडा दोन्ही तळव्यांत चोळून माझ्यापुढं केला, सोबत लसणाची चटणी. मग त्यानं आत डोकावून विचारलं, "आन् बाबास्नी?"

"त्यांना चावायचं नाही."

"मग वास तर घिऊ द्या," म्हणून त्यानं मूठभर हुरडा गुरुजींच्या नाकाशी धरला. गुरुजी हसले. "दत्तू, खा तू. गार झाला की चव जाते." मी खाल्ला. कर्जतला आमच्याकडेही हुरडा होतो, पण तिकडे ओळखीचा माणूस असेल तर बोलावतात. इथं त्या माणसानं माझं नावही विचारलं नाही.

तिथून पुढं रस्ता बिघडला. उसाच्या गाड्यांनी डांबराच्या कडा खाल्ल्या होत्या. जीप खड्ड्यात गेली की दबत नव्हती. खालून कुणी पहार मारावी तशी उसळत होती. मी दोन्ही हातांनी गुरुजींचं डोकं धरून ठेवलं. भागूजी बैलगाडीच्या वेगानं चालवू लागला, तरी तेच. गुरुजींच्या उजव्या हाताची बोटं गादीच्या कडेत रुतली होती.

"गुरुजी, त्रास होतोय?"

"नाही."

कोल्हारला प्रवरेचा पूल लागतो. तिथं चहाला थांबलो तेव्हा डाव्या पट्टीच्या खालच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा गुलाबी डाग मला दिसला. सकाळी तो नव्हता. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी भागूजीला बाजूला नेऊन तो डाग सांगितला.

भागूजी बराच वेळ नदीकडे बघत होता. मग म्हणाला, "साहेब, गाडी लई ताठ झालीया."

"म्हणजे?"

"पाटं वाडवलं का ती माल भरल्याबिगर दबतच न्हाई. बियाच्या गोन्या टाकल्या आस्त्या तर ठीक हुतं. रिकामी दगडावानी हानती."

"मग काल बोलला का नाहीत?"

"मेस्त्री बोलला न्हाई, म्या कशाला बोलू? तुमी कालेजातलं."

त्याच्यावर रागवायलाही मला तोंड नव्हतं. वजनं टांगून स्प्रिंगचा ताठपणा मी दर वर्षी मुलांकडून मोजून घेतो. ताठ स्प्रिंग कमी दबते हे खरंच आहे. पण जे ती दबून पोटात घेत नाही, ते वर बसलेल्या माणसाला लागतं, एवढी साधी बाब माझ्या डोक्यात आली नव्हती.

परत नगरला जायचं तर तोच रस्ता. भागूजी म्हणाला, "संगमनेरात कादरभाई हायेत. तितवर मी पायी चालल्यागत नेतो."

संगमनेर

कादरभाईंचं दुकान गावात शिरतानाच, एका कडुनिंबाखाली. पांढरी दाढी, अंगात तेलकट सदरा. त्यांनी आधी आत डोकावून गुरुजींना पाहिलं, मग खाली वाकून पाटे पाहिले, आणि विचारलं, "हे कुनी करायला लावलं?"

"मी."

"काय करता आपन?"

"कॉलेजात असतो. पदार्थविज्ञान."

"मंग स्प्रिंग शिकिवता का न्हाई?"

"शिकवतो. खिळ्याला टांगतो, खाली वजनं लावतो."

"मंग तुमाला सगळं ठाव हाय," कादरभाई शांतपणे म्हणाले. "फकस्त खाली मास्तर टांगला नव्हता कदी."

भागूजी हसला. ते बोलणं मला लागलं, पण मी शिकलेला म्हणून न बिचकता मला खरं सांगणारा तो पहिला माणूस होता.

गुरुजींना चौघांनी गादीसकट उचलून कादरभाईंच्या पुढच्या खोलीत ठेवलं. मग काम सुरू झालं. मी म्हणालो, मलाही काही करू द्या. कादरभाईंनी मला एक जुनं फडकं दिलं. "सदरा काढून ठिवा मंग."

वाढवलेले चारही पाटे काढले. मग त्यांनी मूळचे पाटेही सुटे केले. एकमेकांत गंजून ते जणू एकच झाले होते. "ह्यो बगा रोग," ते म्हणाले. "पाटा पाट्यावर सरकला पायजे. गंजला का सगळे मिळून येकच दांडका. मंग पाटे सात आसू द्या न्हाईतर सतरा." डाव्या अंगाचा एक पाटा मधेच तडकलेला निघाला. गाडी झुकत होती ती त्यानं. तेवढा एक त्यांनी बदलला. बाकीचे रॉकेलनं धुतले. तारेच्या ब्रशनं गंज काढायचं काम माझ्याकडे आलं. मग प्रत्येक पाट्याला दोन्ही अंगांनी ग्रीस. तेही मीच लावलं, हातानं. एकावर एक रचून बांधले आणि वरून ग्रीसमध्ये बुडवलेलं गोणपाट गुंडाळलं, म्हणजे धूळ आत शिरणार नाही. चाकं जमिनीला टेकवून गाडीचा भार पाट्यांवर आल्यानंतरच त्यांनी बोल्ट शेवटचे आवळले. अधांतरी आवळले तर पाटे चुकीच्या जागी धरले जातात, म्हणाले.

मग त्यांनी मला जीपच्या मागच्या कोपऱ्यावर सगळा भार टाकून दाबायला सांगितलं. "आता सोडा. मोजा."

जीप वर आली, खाली गेली, वर, खाली, वर.

"पाटा धक्का घेतो. पन घेतलेला धक्का मारायचं काम त्याचं न्हाई, ते शॉकपचं," चाकाशेजारच्या नळीसारख्या दांड्याला हात लावून ते म्हणाले. "हा मेलाय. ह्यो नीट आसला का गाडी येकदा वर येती आन् गप बसती." त्यांनी दुसऱ्या गाडीचा जुना पण चांगला शॉकप काढून लावला. पुन्हा दाबून पाहिलं. जीप वर आली आणि थांबली.

शेवटी त्यांनी विचारलं, "मास्तरचं डोकं कुठं ठिवलं हुतं?"

मी मागचं दार दाखवलं. धुळीचं कारणही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "भागूजी, तू बी बगत व्हता? चाकाच्या पार मागं? सगळ्यात जास्त मार तितंच." पुढची एक सीट काढून गुरुजींचं डोकं पुढं, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागेत येईल अशी गादी त्यांनी लावली. मागच्या चाकांवर वाळूची दोन पोती टाकली. टायरांतली थोडी हवा सोडली.

ऊन उतरलं होतं, पुढं जाण्यात अर्थ नव्हता. कादरभाईंच्या घरून गुरुजींसाठी अगदी मऊ खिचडी आली. ती मी चमच्यानं भरवली. माझे हात मी राखेनं आणि साबणानं तीनदा धुतले होते. वासावरून गुरुजींना कळलंच.

"रॉकेल?"

"हो. गुरुजी, माझं चुकलं. पाटे मीच वाढवायला लावले होते."

"मला वाटलंच होतं काहीतरी."

"मग बोलला का नाहीत? नाही म्हणालात."

"तू काल चार तास उभा होतास, भागूजीनं सांगितलं. कसं बोलू?" मग म्हणाले, "मी वर्गात फळ्यावर चुकलो तर तुम्ही पोरं सांगायचात का?"

"नाही."

"का?"

"गुरुजी म्हणून."

"तसंच. बरेचदा मला घरी गेल्यावर कळायचं. फार वाईट वाटायचं."

डाग वाढला होता का, हे मला त्या उजेडात नीट ठरवता आलं नाही.

अकोले, राजूर

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जीप तीच होती यावर विश्वास बसत नव्हता. खड्डा यायचा, खालून पाटे दबल्याचं जाणवायचं आणि गुरुजींच्या मानेशी फक्त एक मंद लाट पोचायची. अकोल्यापर्यंत प्रवरा सोबत असते. आमच्याकडे जानेवारीत नदी म्हणजे वाळू. इथं पाणी वाहत होतं, बायका धुणं आपटत होत्या, आणि त्याकडे कुणी नवलानं पाहत नव्हतं. मी दिसेल ते गुरुजींना सांगत होतो. "आता गहू. आता कांदा. आता डोंगर दिसतोय." ते म्हणाले, "कसा आहे डोंगर?" मी म्हणालो, "निळा." ते म्हणाले, "मग अजून लांब आहे. हिरवट झाला की सांग."

राजूरच्या अलीकडच्या घाटात रस्ता दगडी. तिथं मी उतरलो आणि जीपपुढं चालू लागलो. मोठे दगड बाजूला करायचे आणि चाक कुठून न्यायचं ते हातानं दाखवायचं. भागूजी माझ्या हाताकडे बघत चालवत होता. एका ठिकाणी त्यानं मान बाहेर काढली. "साहेब, त्या अंगानं न्हाई. उजव्या."

तो आता बोलत होता. मी उजव्या अंगाचे दगड काढले.

शेंडीच्या पुढे

शेंडीहून गुरुजींची वाडी आणखी आत. शेवटचा मैलभर जीपला रस्ता नाही. निरोप गेला होता. चार माणसं जाड बांबू आणि घोंगडी घेऊन उभी होती. घोंगडीची झोळी बांबूला बांधून ते आजारी माणूस नेतात. त्यांत पुढचा होता तो सोमा, गुरुजींचा चुलत पुतण्या. मला पाहून म्हणाला, "जीप कशापायी? आदीच सांगावा धाडला आस्ता तर संगमनेरापून आणला आस्ता खांद्यावर."

गुरुजींना झोळीत निजवलं. दोघं पुढं, दोघं मागं. मी शेजारून चालू लागलो आणि माझ्या ध्यानात आलं की चौघांची पावलं जमत नाहीत. मला भीती वाटली. मी म्हणालो, "सोमा, पाऊल जुळवून चाला की. शाळेच्या कवायतीसारखं."

सोमानं माझ्याकडे पाहिलं. तो गप्प बसला असता तर मी त्यांना कवायत करायला लावली असती. पण तो म्हणाला, "आवो, पाऊल जुळलं का झोळी झोकं घ्याया लागती. येकाचं वर तवा दुसऱ्याचं खाली पायजे. बाप शिकवून गेलाय."

मी झोळीकडे पाहिलं. ती हलत नव्हती. गुडघे वाकत होते, खांदे उतरत होते, उतारावर मागचे दोघं कंबरेतून दबत होते, आणि मधली झोळी ओट्यावर ठेवल्यासारखी पुढं जात होती. पाटे आणि शॉकप दोन्ही त्यांच्या पायांत होते. मी मागं राहून चाललो.

माई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी गुरुजींच्या तळव्यावर आपला हात ठेवला. गुरुजींनी त्यावर बोटानं काहीतरी लिहिलं. माईंनी मान हलवली, त्यांना वाचता आलं नसावं.

वाडी

भागूजी जीप घेऊन त्याच दिवशी परतला. मी थांबलो. मधला एक दिवस गेला. त्या दिवशी नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाल्ली, गुरुजींना तांदळाची पेज पाजली. भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या, त्यामागं धरणाचं पाणी. वाडीतली माणसं पाणी सांडतात तसं आमच्याकडे कुणी सांडत नाही. पायरी धुवायला घागर ओततात. दिवसभर मी ती घागर पाहत होतो आणि डोळ्याचा विचार करत होतो.

दहाव्या दिवशी सकाळी खिडकीला घोंगडी लावून खोलीत जेमतेम उजेड ठेवला. माई समोर बसल्या, मांडीवर पाटी. मी उकळलेल्या पाण्यानं हात धुतले आणि पट्टी सोडू लागलो. गुलाबी डाग वाळून तपकिरी झाला होता. आतली घडी काढली, पापणी पुसली आणि त्यांचा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. गुरुजींनी डोळा लगेच उघडला नाही. माझे हात त्यांच्या चेहऱ्यापुढंच राहिले होते, मागं घ्यायचं मला सुचलं नाही.

मग त्यांनी डोळा उघडला. तो लाल होता. त्यातून पाणी आलं. ते बराच वेळ माझ्या बोटांकडे पाहत राहिले.

"दत्तू," ते म्हणाले, "नखं."

मी खाली पाहिलं. कादरभाईंच्या ग्रीसची काळी रेघ दहाही बोटांवर तशीच होती.

"जा, घासून ये," गुरुजी म्हणाले आणि हात पुढं करून माईंच्या मांडीवरची पाटी त्यांनी ओढून घेतली. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून पेन्सिलीचा आवाज सुरू झाला होता. तो थांबला.

"वाळूनं नको," ते म्हणाले. "इथं पाणी आहे."